एकशे तेरा रेघा

पाटी कोरी आहे हे ईव्होच्या लक्षात आलं तेव्हा त्याने डोक्यावरची टोपीसुद्धा काढली नव्हती. बारमध्ये शिरलं की डाव्या भिंतीवर दोन हात लांबीची ती काळी दगडी पाटी, आणि अठरा वर्षं त्याची पहिली नजर तिच्यावरच पडायची. आज तिथे नुसता ओला, चकचकीत दगड होता. व्हिनेगरचा वास येत होता.

"ही कुणी पुसली?"

गल्ल्यामागची बाई हसली. काम चोख झालं की माणूस हसतं, तशी. "मी. फार मळली होती. दोनदा धुतली."

ईव्हो बार्दाझ्झीने आयुष्याची एकेचाळीस वर्षं इटलीतल्या प्रातो शहराच्या रंगशाळांमध्ये लोकर रंगवली होती. हौदातल्या पाण्याला बोट लावून आम्ल किती झालंय हे तो सांगायचा, आणि प्रयोगशाळेतली पट्टी नंतर तेच सांगायची. त्याला माहीत होतं की खडूवर व्हिनेगर पडलं की मागे काहीच राहत नाही. नुसतं कोरडं फडकं मारलं असतं तर दगडाच्या खाचांत पांढुरकी सावली राहिली असती, तिरप्या उजेडात वाचता आली असती. हिने तीही ठेवली नव्हती.

"वा," तो म्हणाला. "तुम्हाला आम्ही शहर दिलं, ते पुरलं नाही होय?"

बाईचं हसू गेलं. काय चुकलं हे तिला कळलं नव्हतं, पण चुकलंय एवढं कळलं होतं.

तिचं नाव पान सुईझेन. शहराच्या पलीकडच्या अंगाला, चिनी लोकांच्या कपडे शिवायच्या शेडमध्ये, ती चौदा वर्षं शिवणयंत्रावर बसली होती. बारची आधीची मालकीण लिदिया, तिचे गुडघे गेले आणि तिच्या मुलाला बार नको होता, म्हणून तिने तो हिला विकला. दुकान हातात आलं की उघडण्याआधी सगळं धुऊन काढायचं, नाहीतर आधीच्या मालकाचं नशीब भिंतींना चिकटून राहतं, असं तिच्या गावाकडे मानतात. म्हणून तिने फरशी धुतली, काचा धुतल्या, दिव्यांच्या वाट्या धुतल्या. आणि पाटी.

पाटीवर काय होतं ते त्या मोहल्ल्यात लहान पोराला विचारलं तरी त्याने सांगितलं असतं. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी इथे ब्रिस्कोला ह्या पत्त्यांच्या खेळाचा डाव पडायचा. एका बाजूला ईव्हो आणि अमेदेओ, दुसऱ्या बाजूला ओरेस्ते आणि फोस्को. जिंकेल त्या जोडीने आपल्या बाजूला खडूने एक रेघ ओढायची. नावं लिहिलेली नव्हती. कुणाची बाजू कुठली हे न कळण्याइतका परका माणूस तिथे येतच नव्हता. डावीकडे एकशे तेरा रेघा होत्या, उजवीकडे एकशे आठ. डावी बाजू ईव्होची. शेवटची रेघ अमेदेओने जानेवारीत ओढली, आणि फेब्रुवारीत तो फुप्फुसाच्या दुखण्याने गेला. त्याच्या जागी बसायला कुणी नव्हतं आणि कुणाला बसवायचंही नव्हतं. म्हणजे डाव संपला होता. पाच रेघांनी अमेदेओ जिंकून गेला होता, आणि ते फक्त त्या दगडावर लिहिलेलं होतं.

संध्याकाळी सगळे जमले तेव्हा ओरेस्ते पाटीसमोर उभा राहून बराच वेळ मान हलवत होता. ओरेस्ते जाडजूड, आवाजाने त्याहून जाड.

"एकशे तेरा," तो म्हणाला. "माझ्या आयुष्यातले एकशे तेरा शनिवार ह्या चिनीणीने बादलीत ओतले."

"तुझ्या एकशे आठ," ईव्हो म्हणाला.

"काय?"

"एकशे तेरा आमच्या. तुमच्या एकशे आठ."

"अरे, दुःखाने माणसाचं डोकं फिरतं, मी समजू शकतो." ओरेस्तेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "उजवी बाजू आमची होती. एकशे तेरा उजवीकडे होत्या. फोस्को, सांग रे ह्याला."

फोस्को पत्ते पिसत होता. आयुष्यभर तो ओरेस्तेचा जोडीदार होता आणि आयुष्यभर त्याने ओरेस्तेला आधी बोलू दिलं होतं. "मला काय आठवतंय," तो म्हणाला. "मी चष्म्याशिवाय पत्ते ओळखतो, एवढंच."

"बघ!" ओरेस्ते म्हणाला, जणू फोस्कोने साक्ष दिली होती.

ईव्होला ओरेस्तेशी भांडायचं होतं. पण भांडणाला पुरावा लागतो, आणि पुरावा बादलीतून गटारात गेला होता. मग राग गेला कुठे? ज्या बाजूला उतार तिकडे पाणी जातं. तो खुर्चीत बसला, खुर्चीवरच्या नव्या गादीचा एक धागा त्याने उपटला आणि फोस्कोचा लायटर मागून घेतला.

"या, बघा सगळे. हिने नव्या गाद्या घातल्यात. म्हणे लोकरीच्या." त्याने धागा पेटवला. "लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते. आता हे बघा."

धागा वितळला, त्याचा काळा टणक मणी झाला. ईव्होने तो टेबलावर टाकला. टक्कन आवाज आला.

"प्लास्टिक," तो म्हणाला. "ह्यांचं सगळं असंच. हात लावाल ते बनावट."

लोक हसले. ओरेस्ते सगळ्यात मोठ्याने. सुईझेन कपबशा पुसत होती. ती थांबली नाही.

"गाद्या तुमच्या जावयाच्या दुकानातून घेतल्या, सिन्योर ओरेस्ते," ती म्हणाली. "तो म्हणाला लोकर आहे. मी इटालियन माणसावर विश्वास ठेवला."

ह्या वेळी फोस्को एकटाच हसला, आणि ओरेस्तेने बघितल्यावर त्याने ते खोकल्यात वळवलं.

"आणि तुझी शेड भाड्याने कुणाला दिलीयस रे, ओरेस्ते?" खोकता खोकता फोस्कोने विचारलं.

"धंदा वेगळा आणि बार वेगळा," ओरेस्ते म्हणाला. "शेडमध्ये मी बसायला जात नाही."

तरी दुसऱ्या दिवशी सगळे तिथेच आले. दुसरा बार चौकापलीकडे, चढावर होता, आणि गुडघे काही लिदियाचेच गेलेले नव्हते. ते यायचे, कॉफी घ्यायचे, जळकी आहे म्हणायचे, आणि दुसरी मागवायचे. पेल्यावर डाग आहे म्हणून कुणी तो दिव्यासमोर धरून बघायचं. एकाने घरून स्वतःची साखर आणली. सुईझेनने त्याच्यासमोर चमचा ठेवला. "चमचा आमचा चालेल ना?"

त्याच आठवड्यात ईव्होने पालिकेच्या तपासणी कचेरीला पत्र लिहिलं.

मोरीकडे जाताना मागच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत एक घडी घातलेली रजई त्याला दिसली होती. सुईझेनची म्हातारी सासू दुपारी तिथे खुर्चीत बसून शेंगा सोलायची, आणि रजई तिच्या पायांवर असायची. ईव्होने तिलाही बघितलं होतं. पण पत्रात म्हातारी आली नाही. पत्रात आलं की मागच्या खोलीत माणसं झोपतात, किती ते मोजता येत नाही, आणि रात्री कसला तरी जळका वास येतो. त्याने ते दोनदा वाचलं. रंगाचा नमुना ठरल्या छटेपेक्षा एक पायरी गडद निघाला की तो पूर्वी अख्खा हौद ओतून द्यायचा. इथे त्याने पाकीट चिकटवलं. खाली सही केली नाही.

नंतरच्या सोमवारी सकाळी तो बारमध्ये शिरला तर आत गलका चालला होता. पाटी भरलेली होती. डावीउजवीकडे, ओळीत, सुबक, एकाच मापाची चिनी अक्षरं.

"या, या!" ओरेस्ते त्याला बघून ओरडला. "आधी आमचं पुसलं, आता स्वतःचं लिहिलं. उद्या दारावर ड्रॅगन लावतील. काय लिहिलंय गं बाई? बोल ना! 'म्हाताऱ्यांनो, चालते व्हा,' असं?"

"तुमच्याच रेघा आहेत," सुईझेन म्हणाली. तिचे डोळे जागरणाने लाल होते. "सिन्योर फोस्कोंनी सांगितलं रेघा कसल्या ते. माझ्याकडे फोटो आहे. दुकान घेताना कारकून म्हणाला होता, सगळ्या भिंतींचे फोटो काढून ठेव, नंतर भांडण नको. मी फोटोवरून मोजलं. जेवढ्या तेवढ्या परत लिहिल्या."

"ह्याला रेघा म्हणतात? फोस्को, तू हिच्याशी बोललास?"

"तिने विचारलं," फोस्को म्हणाला. "मी उत्तर दिलं. तोंड आहे मला."

"मोजताना आम्ही असंच लिहितो—" ती पाटीकडे वळली, पण ओरेस्ते मध्ये आला होता.

"आमच्या भिंतीवर तुमची लिपी नको!" असं म्हणून त्याने कोटाची बाही ओढली आणि उजवी बाजू वरपासून खालपर्यंत पुसून टाकली. बाही पांढरी झाली. कुणी तरी टाळी वाजवली.

ईव्हो मोजत होता. डावी बाजू अजून शाबूत होती. सगळी अक्षरं एकसारखी. अक्षर म्हणावं तर एकच अक्षर कुणी इतक्या वेळा कशाला लिहील? वर एक आडवी. मधून एक उभी. उजवीकडे आखूड आडवी, डावीकडे आखूड उभी, तळाला लांब आडवी. पाच. पाचांचा एक गठ्ठा, जसे आपण चार उभ्या आणि एक तिरकी करतो. बावीस गठ्ठे, आणि शेवटी एक अर्धवट राहिलेला, तीन रेघांचा.

एकशे तेरा. डावीकडे.

तो गल्ल्याशी गेला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "फोटो बघू."

तिने फोन पुढे केला. लिदियाची जुनी, कळकट भिंत, आणि तिच्यावर पाटी. सुईझेनने बोटांनी डावी बाजू मोठी केली. पहिल्या काही रेघा ईव्होच्या, सरळ. मग अमेदेओच्या. विणकामाच्या यंत्रात अमेदेओच्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट गेलं होतं, तेव्हापासून तो खडू मधल्या बोटांत धरायचा आणि त्याची प्रत्येक रेघ डावीकडे कलायची. कलत्या रेघांची ती रांग वाऱ्यात झुकलेल्या पिकासारखी दिसत होती. डावी बाजू कुणाची ह्यावर आता वाद उरला नव्हता. फोटोमध्ये अमेदेओचा हात होता.

"ईव्हो!" मागून ओरेस्तेचा आवाज आला. "तिथे काय खलबतं चाललीत? तूही तिच्याकडे शिवायला लागलास की काय?"

सगळे हसले, आणि सगळे बघत होते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य गल्ल्याच्या ह्या बाजूला, हिच्या शेजारी उभं राहून बोलावं लागलं असतं.

"कॉफी जळकी आहे तेच सांगतोय," तो म्हणाला.

सुईझेनने फोन उचलून खिशात टाकला. "तुम्ही अजून घेतलीच नाहीये," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, तो पावाची पिशवी घेऊन जात असताना, ती रस्त्यात त्याला आडवी आली. तिने फोटो छापून घेतला होता, चांगल्या जाड कागदावर.

"हे घ्या. सिन्योर फोस्को म्हणाले, तुमचे मित्र वारले. मला माहीत नव्हतं. मला वाटलं, घाण."

ईव्होने तो घेतला. आभार जिभेवर आले होते, पण त्यांच्या आधी पत्र आठवलं. ते पाकीट आता कुठल्या टेबलावर असेल? त्या कचेरीत फोन करून म्हणायचं काय? तो मीच, आणि ते खोटं होतं? तो नुसता "बरं" म्हणाला. पाव घेऊन घरी गेला, फोन हातात घेतला, ठेवला, आणि जेवायला बसला.

गुरुवारी सकाळी, निनावी पत्र आलंय म्हणत, तपासणीस आले. तिघे होते. मागच्या खोलीत झोपलेलं कुणी सापडलं नाही. सापडली एक म्हातारी, एक रजई आणि एक टोपली शेंगा. पण शोधायला आलेला माणूस रिकाम्या हाताने जात नाही. म्हातारीचा चहा करायची छोटी गॅसची शेगडी कुठल्याच कागदावर नव्हती. दहा दिवस बार बंद. शटरवर कागद चिकटवून ते गेले. सुईझेन शटरसमोर उभी राहून तो कागद शब्द-शब्द वाचत होती, आणि म्हातारी फुटपाथवर खुर्चीत बसून रजईच्या घडीवरून हात फिरवत होती. ईव्होने हे समोरच्या फुटपाथवरून बघितलं.

त्या संध्याकाळी सगळे धापा टाकत चढ चढून दुसऱ्या बारमध्ये गेले. ओरेस्तेने सगळ्यांना वाईन पाजली.

"ज्याने कुणी ते पत्र लिहिलं," त्याने पेला उंचावला, "त्याच्या नावाने! मला नाव माहीत नाही, आणि माहीत असलं तरी मी सांगणार नाही!" त्याने असा डोळा मारला की बघणाऱ्याला वाटावं, लिहिणारा हाच. लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. ईव्होनेही पेला उचलला. वाईन आंबट होती.

मग ओरेस्तेने बारच्या मालकाकडून खडू मागून घेतला. इथे एक लहान पाटी होती, आजच्या जेवणाची. त्याने त्यावरचं पुसलं आणि मोठ्या आकड्यांत लिहिलं: ओरेस्ते-फोस्को ११३, ईव्हो-अमेदेओ १०८.

"कायमचं," तो म्हणाला. "आता कुठली चिनीण येऊन पुसते बघू. बरोबर ना, ईव्हो?"

ईव्होचा हात कोटाच्या आतल्या खिशात गेला. आयुष्यात कुठलीही गोष्ट त्याने इतकी सावकाश केली नसेल. त्याने फोटो टेबलावर ठेवला, पत्त्यांच्या मधोमध.

"नाही," तो म्हणाला. "हे बघ. डावीकडे एकशे तेरा. आणि रेघा बघ. कललेल्या. अमेदेओच्या हाताच्या."

सगळे टेबलावर वाकले. फोस्कोने चष्मा लावला, फोटो जवळ धरला आणि बराच वेळ धरूनच ठेवला. त्याच्या ओठांच्या हालचालीवरून तो मोजतोय हे ईव्होला कळत होतं.

"हा कुठून आला?" ओरेस्तेने विचारलं.

"पाटीचा आहे. पुसायच्या आधीचा."

"कुठून आला, विचारतोय मी."

"तिने काढला होता."

ओरेस्ते मागे टेकला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट हायसं वाटल्याचं दिसत होतं. "मग सरळ सांग ना लेका! तिने केलाय. अरे, ते बटणाएवढ्या फोनमधून अख्खी मिरवणूक उभी करतात, रेघा कलवायला किती वेळ लागतो? तूच तर म्हणालास त्या दिवशी, लायटर पेटवून दाखवलंस आम्हाला." त्याने ईव्होच्या आवाजाची नक्कल केली, आणि ती चांगली जमली: "ह्यांचं सगळं असंच. हात लावाल ते बनावट."

हसण्याचा लोंढा आला. ईव्होने तोंड उघडलं. लोकर कशी ओळखायची हे त्याला येत होतं, रंग पक्का की कच्चा ते येत होतं. पण फोटो जाळून दाखवला तर खरा आणि खोटा सारखाच जळतो. त्याने फोस्कोकडे बघितलं. फोस्कोने फोटो खाली ठेवला, चष्मा काढला आणि पत्ते पिसायला घेतले.

"मला काय आठवतंय," फोस्को म्हणाला.

ईव्होने फोटो उचलला आणि तो बाहेर पडला.

उतार संपला तिथे लिदियाच्या बारचं शटर गुडघाभर वर होतं आणि आत दिवा जळत होता. ग्राहक घ्यायला बंदी होती, साफसफाईला नव्हती. ईव्होने शटरवर बोटं वाजवली. ते कमरेपर्यंत वर गेलं आणि सुईझेन वाकून बाहेर बघायला लागली. तिच्या मागे पाटी दिसत होती. उजवी बाजू तिने पुन्हा भरली होती. आणि ह्या वेळी तिची अक्षरं दोन्ही बाजूंना नव्हती. साध्या रेघा होत्या, चार उभ्या, एक तिरकी. डावीकडच्या उभ्या रेघाही तिने डावीकडे कलत्या काढल्या होत्या.

"बंद आहे," ती म्हणाली. "पुढच्या रविवारपर्यंत."

"माहीत आहे."

"फोटो चांगला आलाय ना?"

"स्पष्ट आहे," ईव्हो म्हणाला. मग तो तसाच उभा राहिला. ती वाट बघत होती. तिच्या हातात ओला स्पंज होता आणि त्यातून फरशीवर थेंब पडत होते. त्याने आठ थेंब मोजले.

"ते पत्र," तो म्हणाला. "मागच्या खोलीचं. ते मी लिहिलं."

तिने त्याच्याकडे बघितलं. ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं, आणि ओरडली असती तर त्याला उत्तर देता आलं असतं.

"माझ्या सासूला तुम्ही बघितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही तिला नमस्कारसुद्धा केला होता."

"हो."

तिने शटरला हात घातला आणि ते पार खाली, दगडाला टेकेपर्यंत ओढलं. कुलूप आतून फिरलं. ईव्हो तिथेच उभा होता. आधी काही ऐकू आलं नाही. मग बादली सरकवल्याचा आवाज आला, खुर्ची ओढल्याचा, आणि पाठोपाठ दगडावर ओला स्पंज घासल्याचा, डावीकडून उजवीकडे, सावकाश, एकही कोपरा न सोडता.

शटरखालच्या फटीतून व्हिनेगरचा वास आला.